टेबलावरचा वेदर रेडिओ : सात वर्षं वापरून लिहिते

२०२५च्या ४ जुलैला पहाटे टेक्सासमधली ग्वादालुपे नदी चढली आणि कर्व्हिलच्या परिसरात शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. त्यानंतर ह्यूस्टनमधल्या आमच्या ओळखीतल्या निदान दहा घरांनी मला एकच विचारलं : तुमच्याकडे तो भोंगा वाजवणारा रेडिओ आहे ना, कसा आहे, घेऊ का? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी उत्तर : घ्या. घरात म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल किंवा घर बायूच्या, म्हणजे इथल्या संथ ओढ्याच्या, जवळ असेल तर याच आठवड्यात घ्या. पण हा रेडिओ काय करतो आणि काय करत नाही हे समजून घ्या, कारण दर वादळानंतर टीव्हीवर जी भांडणं होतात ती नेमकी या दोन गोष्टींची गल्लत करून होतात.

वस्तू साधी आहे. भाजीच्या डब्याएवढं काळं खोकं, मागे ओढून लांब करायची अँटेना, पुढे छोटा पडदा, भिंतीतला प्लग आणि पोटात तीन पेन्सिल सेल. मला २०१८ साली तीस-पस्तीस डॉलरला मिळाला. ब्रँडपेक्षा खोक्यावर दोन गोष्टी बघा : ‘पब्लिक अलर्ट’चं चिन्ह आणि ‘सेम’ हा शब्द. नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या हवामान खात्याचं, स्वतःचं प्रसारण चोवीस तास चालू असतं. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवर ते येतं, साध्या एफएमवर लागत नाही. ‘सेम’ म्हणजे प्रत्येक काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, दिलेला सहा आकडी नंबर. तो भरला की रेडिओ एरवी मुका बसतो आणि आपल्या काउंटीसाठी वॉर्निंग निघाली की स्वतःहून बोलू लागतो. इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, कोणाचा पासवर्ड लागत नाही.

बोलायच्या आधी तो जो आवाज करतो तो एकदा ऐकलात की विसरणार नाही. आधी तीनदा चर्र-चर्र असं खरखरतं, मग लांब किंचाळी, आणि मग यंत्राचा सपाट आवाज वॉर्निंग वाचतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आमच्याकडेच असतात, आता त्र्याऐंशीच्या आहेत. पहिल्या रात्री वाजला तेव्हा त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, “टिटवी ओरडली गं.” तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव टिटवी. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, पण ‘फ्लॅश फ्लड’ आणि ‘टॉर्नेडो’ हे दोन शब्द त्या अचूक ओळखतात आणि कोणता आला ते ओरडून सांगतात. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला वापरता येतं, हे माझ्या दृष्टीने या वस्तूचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

हा रेडिओ मी का घेतला ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही २००३ला ह्यूस्टनला आलो. दोन वर्षांनी रीटा वादळ आलं. तीनच आठवड्यांपूर्वी कतरिनाने न्यू ऑर्लिन्सचं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं, त्यामुळे ज्यांना निघायला सांगितलं ते निघालेच, आणि ज्यांना निघायची गरज नव्हती तेही निघाले. वीस लाखांहून जास्त माणसं एकाच वेळी रस्त्यावर. माझी लेक तेव्हा नऊ महिन्यांची. ऑस्टिनला पोचायला आम्हाला एकोणीस तास लागले, एरवी तीन लागतात. बाहेर शंभर फॅरनहाइटला टेकलेलं ऊन, पेट्रोल वाचवायला एसी बंद. मी लेकीच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवत होते आणि ते फडकं दर दहा मिनिटांनी वाळत होतं. त्याच दिवसांत डॅलसच्या दक्षिणेला वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेली एक बस पेटली आणि तेवीस म्हातारी माणसं गेली. टेक्सासमध्ये रीटाच्या काळात जे गेले त्यातले बहुतेक या पळापळीत गेले, वाऱ्यात किंवा पाण्यात नव्हे. वादळ शेवटी पूर्वेला लुईझियानाच्या सीमेवर गेलं आणि ह्यूस्टन जवळपास कोरडं राहिलं.

त्यानंतर आमच्या घरात एक वाक्य ठरून गेलं : पुन्हा कधी निघायचं नाही.

२०१७ साली हार्वी आलं तेव्हा हेच वाक्य सगळ्या शहराच्या मनात होतं. शुक्रवार, २५ ऑगस्ट. गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी सांगितलं की स्थानिक आदेश नसला तरी कॉर्पस क्रिस्टी ते ह्यूस्टनच्या पट्ट्यातल्या लोकांनी निघायचा गंभीरपणे विचार करावा. ह्यूस्टनचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि काउंटी जज एड एमेट म्हणाले, घरीच थांबा. काउंटी जज हा कोर्टातला न्यायाधीश नव्हे, काउंटीचा निवडून आलेला प्रमुख. टर्नर यांनी नंतर कारणही दिलं : पासष्ट लाख लोकांना रस्त्यावर काढता येत नाही. मी आणि माझा नवरा स्वयंपाकघरात उभे राहून एका फोनवर एक आणि दुसऱ्या फोनवर दुसरं वाचत होतो. आम्ही थांबलो. शनिवारी रात्री ब्रेज बायू काठ सोडून वर आली आणि पहाटे आमच्या दिवाणखान्यात चौदा इंच पाणी होतं. आईंना जेवणाच्या टेबलावर बसवलं. फोनवर एकामागून एक वॉर्निंग येत होत्या, मग चार्जिंग संपलं, आणि त्यानंतर आम्हाला बाहेरचं काही कळेना. पाणी आणखी वाढणार की उतरणार, हे कळायला हवं होतं आणि कळत नव्हतं. पुढच्या वसंतात हा रेडिओ आणला.

आता माझं मत. हार्वीत शहर रिकामं न करण्याचा निर्णय बरोबर होता असं घरात पाणी शिरूनही मला वाटतं. टेक्सासमध्ये हार्वीने थेट जे बळी घेतले त्यात समुद्राच्या उधाणाने एकही नाही, जवळपास सगळे पावसाच्या पुराने. अशा पुरात गाडी म्हणजे सापळा. लाखो गाड्या बुडालेल्या अंडरपासांवर अडकल्या असत्या तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. पण एकाच संध्याकाळी दोन मोठ्या खुर्च्यांवरून दोन उलट सल्ले यावेत, याचा राग माझा अजून गेलेला नाही. त्या संध्याकाळी लोकांना सल्ला देण्याआधी त्यांनी एकमेकांना फोन करून एकच वाक्य ठरवायला हवं होतं. पाणी ओसरल्यावर जी चर्चा झाली ती कोण बरोबर ठरला याची झाली. मला ती नको होती. मला हे हवं होतं की पुढच्या वेळी दोन वाक्यं ऐकू येऊ नयेत.

आणि इथेच रेडिओची मर्यादा येते. तो वेदर सर्व्हिसचा आवाज आहे. पाऊस किती, बायू कुठपर्यंत, वारा कधी, हे तो सांगतो. घर सोडा हा आदेश देण्याचा अधिकार वेदर सर्व्हिसला नाही. टेक्सासच्या कायद्यात तो काउंटी जज आणि महापौर यांच्याकडे आहे. गव्हर्नर शिफारस करू शकतो. काउंटीने आदेश काढून तो पुढे पाठवला तर रेडिओही तो वाचतो, त्यासाठी ‘तात्काळ स्थलांतर’ असा स्वतंत्र प्रकार त्याच्या यादीत आहे. सात वर्षांत माझ्याकडे तो एकदाही वाजलेला नाही. म्हणजे खोकं तयार आहे, पण त्यात बोलायचं कोणी, हा माणसांचा प्रश्न आहे.

हे नीट कळल्यापासून मी प्रत्येक वादळानंतरचं भांडण वेगळ्या कानांनी ऐकते. कतरिनाच्या वेळी स्लायडेलच्या वेदर सर्व्हिस कार्यालयातून रॉबर्ट रिक्स यांनी २८ ऑगस्ट २००५च्या सकाळी जो इशारा पाठवला तो वाचून आजही अंगावर काटा येतो. मोठा भाग कित्येक आठवडे राहण्यालायक उरणार नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं, आणि ते तसंच घडलं. त्याच्या आदल्या रात्री नॅशनल हरिकेन सेंटरचे संचालक मॅक्स मेफील्ड यांनी न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांना स्वतः फोन केला होता. सक्तीचा आदेश निघाला तो रविवारी सकाळी, आणि वादळ सोमवारी पहाटे किनाऱ्याला लागलं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना न्यायला बस पोचल्या नाहीत. शाळांच्या पिवळ्या बस ओळीने पाण्यात उभ्या असलेला फोटो सगळ्यांनी पाहिलाय. मग महापौर गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांच्याकडे बोट दाखवणार, गव्हर्नर वॉशिंग्टनकडे, आणि वॉशिंग्टन पुन्हा खाली. फेमाचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती-मदत संस्थेचे, प्रमुख मायकल ब्राउन यांनी १२ सप्टेंबरला राजीनामा दिला. पण इशारा वेळेवर होता, आदेश उशिरा होता आणि बस नव्हत्या, हे तीन वेगवेगळे हिशेब आहेत. तिन्हींना ‘सरकार नापास’ या एका शब्दात कोंबलं की कोणालाच नेमकं उत्तर द्यावं लागत नाही.

२०२२च्या इअन वादळात फ्लोरिडात तेच. शेजारच्या काही काउंट्यांनी २६ सप्टेंबरला, सोमवारी आदेश काढले. फोर्ट मायर्स ज्या ली काउंटीत येतं तिने मंगळवारी सकाळी काढले. बुधवारी दुपारी वादळ किनाऱ्यावर. उधाणाच्या पाण्यात एकट्या ली काउंटीत छत्तीस जण बुडाले. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी काउंटीची बाजू घेतली, म्हणाले की अंदाजाचा शंकू आधी उत्तरेकडे होता. आता हा शंकू काय असतो? वादळ कुठून जाईल ते दाखवणारा नकाशावरचा पट्टा. वादळाचा मध्यबिंदू साधारण तीनपैकी दोन वेळा त्या शंकूच्या आत राहतो, एवढाच त्याचा अर्थ. पाणी किती दूरवर चढेल हे त्यात नसतंच, त्याचा अंदाज वेगळा निघतो, आणि उधाणाचा इशारा ली काउंटीसाठीही होता. रेडिओवर हा उधाणाचा इशारा वेगळा वाचला जातो, टीव्हीवर मात्र तासन् तास शंकूच दिसतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, शंकू बघू नका, आपल्या काउंटीचं नाव ऐका.

आता बेरिल वादळाची गोष्ट, कारण रेडिओची खरी परीक्षा तेव्हा झाली. ४ जुलै २०२४च्या सुट्टीच्या दिवसांत सगळे म्हणत होते की ते मेक्सिकोकडे किंवा टेक्सासच्या दक्षिण टोकाला जाईल. शनिवार-रविवारात ते उत्तरेकडे सरकलं. सोमवार ८ जुलैच्या पहाटे मॅटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि सकाळी आमच्या डोक्यावर होतं. आमची वीज साडेपाचला गेली. आईंना ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते बंद झाल्यावर आधी बीप वाजते. त्या बीपने मी उठले. अंधारात चाचपडत राखीव सिलिंडर लावला, हात थरथरत होते. आणि रेडिओ मात्र आपोआप सेलवर गेलेला, पडद्याचा छोटा दिवा तेवत होता. पुढचे तीन तास तोच बोलत होता. वारा कधी कमी होणार ते त्याने सांगितलं, म्हणून दाराबाहेर कधी पडायचं ते कळलं. फोनला रेंज येत-जात होती. दुपारी शेजाऱ्यांनी आपल्या जनरेटरची वायर कुंपणावरून आमच्याकडे दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

वीज आली पाचव्या दिवशी. शहरात बावीस लाखांहून जास्त जोडण्या बंद होत्या. कुठल्या भागात वीज आहे हे बघायला लोक व्हॉटाबर्गर या बर्गरच्या दुकानांच्या अॅपवर कोणतं दुकान उघडं आहे ते तपासत होते. वादळ गेलं आणि ऊन आलं. रेडिओवर उष्णतेचा इशारा सुरू झाला, आणि घरात एसी नाही. बेरिलनंतर उकाड्याने माणसं गेली, ती वादळाच्या बातम्यांत मावली नाहीत. त्याच आठवड्यात वरती काय चाललं होतं? गव्हर्नर आशियाच्या दौऱ्यावर, त्यांच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक. राष्ट्राध्यक्ष बायडन म्हणाले की राज्याच्या नेत्यांना गाठायला वेळ लागला म्हणून आपत्ती जाहीर करायला उशीर झाला. पॅट्रिक म्हणाले, हे खोटं आहे. मी गाडीच्या एसीत आईंना बसवून गाडीच्या रेडिओवर हे ऐकलं. आई विचारत होत्या, काय म्हणतायत? मला काय सांगावं कळेना. कोणाचा फोन कोणाला लागला नाही यावर दोन दिवस गेले, आणि ऑक्सिजनवरच्या माणसांची यादी कोणाकडे आहे, हे कोणी बोललं नाही.

अशी यादी आहे. टेक्सासमध्ये तिला ‘स्टीअर’ म्हणतात, २-१-१ला फोन करून नाव घालता येतं, दरवर्षी नव्याने घालावं लागतं. आईंचं नाव आम्ही घातलंय. पण नाव घातलं म्हणजे कोणी येईलच अशी हमी नाही, हे तेच स्पष्ट सांगतात. तरी घाला. नाव नसेल तर आपण आहोत हेच कोणाला ठाऊक नाही.

रेडिओच्या तक्रारीही आहेत. पहिली म्हणजे तो अख्ख्या काउंटीसाठी वाजतो. हॅरिस काउंटी केवढी अवाढव्य. ईशान्येला किंगवूडवर ढग फुटला की नैऋत्येला आमची झोप मोडते. फोनवरचा अलर्ट नकाशावरच्या नेमक्या तुकड्यापुरता येतो, त्या बाबतीत फोन चांगला. वसंतात आठवड्यातून तीनदा रात्री वाजला की प्लग काढून टाकावासा वाटतो, आणि धोका तोच आहे. प्लग काढू नका. सेटिंगमध्ये जाऊन साध्या वादळी पावसाच्या सूचना बंद करा, पूर आणि टॉर्नेडो चालू ठेवा. त्या सेटिंगची मेनू मात्र इतकी किचकट आहे की मला लेकीला बसवावं लागलं. अँटेना खिडकीजवळच हवी, आमच्या मधल्या बाथरूममध्ये, म्हणजे टॉर्नेडोत जिथे बसायचं तिथेच, तो नीट लागत नाही.

आणि सेल. दोन वर्षं आत तसेच ठेवले होते. एका दुपारी सहज झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी. व्हिनेगरमध्ये कापसाची काडी बुडवून घासून काढली, नशिबाने चालू झाला. आता मार्च-नोव्हेंबरात घड्याळं बदलतात तेव्हा सेल बदलते. हँडल फिरवून चालणारा एक वेगळाही घेतला होता. मिनिटभर फिरवलं तर थोडा वेळ चालतो, पण त्याला काउंटीचा नंबर भरता येत नाही, म्हणजे झोपेतून उठवायचं काम तो करत नाही. दुसरा म्हणून ठीक.

कर्व्हिलबद्दल एवढंच लिहिते. तिथे फ्लॅश फ्लड वॉर्निंग रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाली होती. ज्याच्या उशाशी हा रेडिओ चालू होता त्याच्याकडे तो तेव्हा किंचाळला असणार. नदीकाठी भोंगे बसवायचा विषय तिथे कित्येक वर्षं निघत होता आणि पैशांवर अडत होता. वेदर सर्व्हिसच्या त्या भागातल्या कार्यालयात वॉर्निंगच्या समन्वयाची जागा रिकामी होती. वॉर्निंग निघाल्यापासून पाणी चढेपर्यंतच्या तासांत काउंटीने काय केलं, हा प्रश्न तर आहेच. गव्हर्नर अॅबट म्हणाले की दोष कोणाचा असं विचारणं ही हरणाऱ्यांची भाषा. मला हे अजिबात पटत नाही. ज्या आईने मुलगी शिबिराला पाठवली ती विचारणारच, आणि तिला उत्तर मिळालं पाहिजे : १ वाजून १४ मिनिटांनी हा कागद कोणाच्या हातात पडला, आणि त्याने पुढचा फोन किती वाजता केला. पक्षाचं नाव सांगून तिचं समाधान होणार नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा मेनूसाठी कापला.

ज्यांनी मागवलाय त्यांच्यासाठी नंबर : हॅरिस काउंटी ०४८२०१, फोर्ट बेंड ०४८१५७, गॅल्व्हस्टन ०४८१६७. ह्यूस्टनमध्ये फ्रिक्वेन्सी १६२.४००. काउंटी भरताना ‘एनी’ वर ठेवू नका, नाहीतर चहूबाजूंच्या काउंट्यांसाठी वाजत बसेल. बुधवारी दुपारच्या आत साप्ताहिक चाचणी येते, त्या वेळी पडद्यावर चाचणीची खूण आली का बघा. आली नाही तर अँटेना खिडकीकडे सरकवा आणि पुढच्या बुधवारी पुन्हा बघा. तरीही जमलं नाही तर मला फोन करा, शनिवारी येऊन लावून देईन.